साबण काळा होईस्तोवर

आबा,
तुमच्या अक्षताचा पुण्याहून जय भीम.

मी मजेत आहे. हे पत्र नव्या डायच्या पेटीतच ठेवलंय, कारण जालन्याच्या कारखान्यात पेटी तुम्हीच उघडता. ही डाय, हा पोलादी साचा, मी आखला.

कॉम्प्युटरवर तिच्यातून चाळीसदा ॲल्युमिनियम ढकलून पाह्यलं. एकदाबी तडकली न्हाई. पण हिशेबात मी बिलेटचा ठोकळा पूर्ण तापलेला धरलाय. तुम्ही त्याच्यावर साबण घासून रंगावरून ताप बघता, अन् घाई असली की तपकिरी झाला तरी चालवता. तुमचा डबा घेऊन यायचे तवा पाह्यलंय मी. यावेळी साबण बिलकुल काळा होऊ द्या. थंड बिलेटनं डाय फुटते.

आईचा गुडघा कसाय?

सगळ्यांना सांगा, पोरीचा हिशेब बराबर आहे. तरीबी तुम्ही पहिल्या दाबाला डायसमोर उभे राहू नका.

तुमचीच,
अक्षता