ताकदीच्या गोळ्या

ताई,

परवा तुझ्या हातातून मी जी बाटली हिसकावली, ती ताकदीच्या गोळ्यांची नव्हती. ते लेबल मीच चिकटवलं होतं. फोटोंच्या चौकटी करणारा हात माझा, कडेला सुरकुतीसुद्धा पडू दिली नाही. तिथेच फसलो. लेबल इतकं बेमालूम बसलं, की तू गुडघ्यांसाठी मूठभर गोळ्या मागितल्यास.

"सख्ख्या बहिणीला दोन गोळ्या देताना जीव जातो का रे तुझा?" म्हणालीस आणि चहा तसाच टाकून निघालीस.

त्या एका गोळीत तीन औषधं आहेत, एचआयव्हीवरची. मी ती रोज घेतो. आता तपासणीत विषाणू सापडतही नाही. कपातून, ताटातून तर हा आजार कधी पसरतच नाही. हे मी स्वतः वाचलंय, डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलंय. तरी तुला सांगायची हिंमत होत नाही. तू माझ्यापासून तुटलीस, तर मला 'अरे' म्हणणारं कोणी उरणार नाही.

म्हणून हे पत्र पाठवणार नाही. उद्या खरोखरच्या ताकदीच्या गोळ्या पाठवतो. "आली का अक्कल?" एवढं विचारायला तरी फोन कर.

तुझा,
चिक्कू भाऊ