कुंकवाखालचा हिरवा किडा

खंडेनवमी, संध्याकाळ. उदगीर.

पुसून पुसून बोटं लाल झाली, तरी बटणाच्या फटीतलं कुंकू निघत न्हाई. दादाचा हातात धरून खेळायचा गेम चालूच होईना. त्या खेळात दादानं पाळलेला, लढणारा हिरवा किडा आतच राहिला. हातांच्या जागी दोन पाती, आणि पळायला असा की दिसायच्या आत वार. दादा गेला, त्यानं वाढवलेलं जितंजागतं एवढंच उरलं होतं.

आईनं आज विळ्या-कुऱ्हाडींच्या ओळीत तो गेम मांडला, हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. मी ओरडलेच, "आई, हे काय करायलीस?"

"त्या किड्याचे हातच हत्यार हायत ना? मग त्याची पूजा नको?"

आत गेलेलं पाणी सुकावं म्हणून गेम तांदळात पुरून ठेवला, काढला, पुन्हा दाबून पाहिला. पडदा काळाच. फटीत कुंकू तसंच. दुरुस्त झाला तरी किडा राहिला असेल का आत?

दादा खेळायचा तेव्हा हीच आई त्या किड्याला शिव्या घालायची. आत्ता येऊन शेजारी टेकली. म्हणाली, "चालू कर की गं. दादाचा किडा मी कधी नीट बघितलाच न्हाई."