वेदनेची सरासरी ३.४

दि. ६ नोव्हेंबर

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
जलमापन कार्यालय

विषय : बुधवारची अर्ध्या दिवसाची वैद्यकीय सवलत पुन्हा मिळण्याबाबत.
संदर्भ : सवलत रद्द केल्याचे आपले पत्र, दि. २ सप्टेंबर.

महोदय,

१. अर्जदार सांख्यिकी शाखेत एकोणीस वर्षे नदीच्या पातळीच्या सरासऱ्या काढते. तिला एंडोमेट्रिओसिस आहे. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पोटात भलत्याच जागी वाढतो आणि दर पाळीला आग लावतो. दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संमतीनेच ती चिनी पद्धतीच्या डॉक्टरीणबाईंकडे सुया टोचून घेऊ लागली. त्या फक्त बुधवारी दुपारी असतात. सोबत काढा, सकाळचे चालणे, कॉफी-साखर बंद, दहाच्या आत झोप. "बाई, चपला उकळता की काय?" असे रोखपालांनी विचारल्यापासून अर्जदार काढा जिन्याखाली पिते. त्याबद्दल तक्रार नाही.

२. आजार गेला नाही. पण जमिनीवर पडून राहण्याचे दिवस महिन्याला नवावरून चारावर आले.

३. फेरतपासणीसाठी वैद्यकीय समितीने वेदनेची नोंदवही मागितली : रोज शून्य ते दहा. अर्जदाराने रकाने आखून, हाताच्या सवयीने तळाशी सरासरीही काढून दिली. चूक तिथेच झाली. समितीने तेवढीच ओळ वाचली. ३.४. पाचाखाली म्हणजे कामास सक्षम, सवलत रद्द.

४. नदीची वर्षाची सरासरी गुडघाभर असली, तरी पुराच्या दिवशी आपण भोंगा वाजवतोच. हे समितीच्या अध्यक्षांना सांगितले, तर ते म्हणाले, "ताई, गुण आलाय ना? मग सवलत कशाला?" गुण बुधवारमुळेच आला होता. शाखाप्रमुखांनी मात्र मायेने सुचवले, "सरासरी पाचावर नेऊन दाखवा, शिफारस मी करतो."

५. सवलतीअभावी सुया बंद झाल्याच होत्या. सबब, अर्जदाराने काढा व चालणेही सोडले, कॉफी धरली. ऑक्टोबरची सरासरी ५.३ भरली. दि. ११ ते १९ या रकान्यांतील अक्षर वाकडे आहे. ते जमिनीवरून लिहिलेले आहे, खाडाखोड समजू नये.

६. अर्जदार आता नियमात बसते. सवलत मंजूर व्हावी, म्हणजे उपचार सुरू करता येतील. त्याने सरासरी पुन्हा पाचाखाली आल्यास काय करावे, तेही मंजुरीच्या पत्रातच कळवावे. पुढच्या अर्जापुरते खुर्चीत बसणे होईल, याची खात्री देता येत नाही.

आपली नम्र व तूर्त हजर,
(सही)
वरिष्ठ लिपिक, सांख्यिकी शाखा

सोबत : १. नोंदवही, ऑक्टोबर. २. स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, तिसऱ्या शस्त्रक्रियेबाबत.