सुई बी, पाला बी

माय, आज प्रयोग पुन्हा फसला आणि राग तुझ्यावर येऊन राहिला. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल, मी हिंगोलीला कॉलेजात होते. शेतात तोडलेल्या पऱ्हाटीचं, कपाशीच्या झाडाचं, खुट तुझ्या तळपायात घुसलं. पाय घोट्यापर्यंत सुजला, पू थांबेना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली, तरी ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. "जंतू या औषधाला जुमानत नाहीत," म्हणत त्यांनी वेगळ्या गोळ्या लिहिल्या. पट्टीवर हिरवा डाग दिसला तसे भडकले. "पाला लावायचा असेल तर माझ्याकडे येऊ नका. पाय कापायची वेळ येईल." घरी आत्या वेगळंच सांगत होती, "सुयांनी रगत नासलं. ते बंद कर आन पाला लाव."

तू दोघांनाही व्हय म्हणालीस. अजून दिसतं, सकाळी तू पाट्यावर काहीतरी वाटतेस. निरगुडीचा वास मला ओळखू येतो, बाकीचं कळत नाही. डॉक्टरांकडं जायला एसटीला निघण्याआधी लेप धुऊन टाकतेस, गोळीही गिळतेस. हळूहळू जखम भरून आली. डॉक्टर म्हणाले गोळीनं, आत्या म्हणाली पाल्यानं. तू दोन्हीकडं मान हलवलीस. मी चिडून विचारलं, "माय, खरं काहून सांगत न्हाईस?" तू भाकरी थापत म्हणालीस, "दोघायचं बी मन राहिलं ना. पाय वाचला, बास."

तुझं बास झालं, माझं नाही. मी प्रयोगशाळेत असेच हट्टी जंतू वाढवते. नुसत्या औषधाला ते दाद देत नाहीत, नुसत्या निरगुडीच्या अर्काला तर मुळीच नाही. दोन्ही एकत्र दिले की कधी भोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडतं, कधी काहीच होत नाही. पुढच्या हंगामातला पाला आणला की सगळं फिसकटतं. तू त्यात आणखी काय घालत होतीस? हळद? कडुलिंबाची साल? किती? जाण्याआधी एकदा तरी बोलायचं होतंस. आमचे साहेब पुरावा मागतात. त्यांना काय तुझा पाय दाखवू? कदाचित त्या दुसऱ्या गोळ्यांनीच काम केलं असेल, हेही मला कळतं.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. वर्तुळ पडलं नाही की मी म्हणते, पाला बराबर नव्हता. पडलं की म्हणते, हा तुझाच.