साहेबांचा रंग

६ ऑक्टोबर, मंगळवार

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. मासा पिवळा झाला!

नीट लिहितो, डोकं ठिकाणावर नाही. आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मागच्या भिंतीला सहा फुटी टाकी आहे. तिच्यात एकच मासा – वाघमासा. वीतभर लांब, जिवंत कोळंबी एका घासात गिळतो. नद्यांतून ही जात जवळजवळ संपलीय म्हणतात. सोनेरी अंग, त्यावर काळे पट्टे, असा फोटो बघून मालकांनी मागवला. आल्यापासून तव्याच्या बुडासारखा काळा! तीन महिने टाकीतल्या लाकडाच्या आड तिरका उभा. मालक त्याला ‘साहेब’ म्हणतात. दुकानात कामं मला, मान त्याला.

आज एक मुलगी आली. प्राणिशास्त्र शिकते. माशांच्या रंगबदलावर प्रकल्प करायचाय, रोज तासभर टाकीसमोर बसू द्याल का, असं मालकांना विचारत होती. मी बादली घेऊन आतून आलो, तिला बघितलं आणि तिथेच थांबलो. किती वेळ, माहीत नाही. भानावर आलो तेव्हा बादली हातातच, आणि साहेब लिंबासारखे पिवळे, पट्टे काजळाने ओढल्यासारखे. मालकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मुकं जनावर. पण त्याला कळलं.

७ ऑक्टोबर

चारला आली. सव्वाचारला पिवळा. पाचला गेली. मी टाक्यांची झाकणं लावली, पोती आत फेकली – काळा. आणखी काय पुरावा पाहिजे?

१० ऑक्टोबर

आज नेमकं तिच्या वेळेला मालकांनी मला टाकी पोचवायला पिटाळलं. सूडच! धावत परत आलो, दार ढकललं, तर साहेब माझ्या डोळ्यांदेखत काळे पडत होते. मी नव्हतो म्हणून तिचं मन रमलं नसणार. तिचं मन नाही, तर माशाचं कुठून?

रात्री बाबांशी वाजलं. विषय जुनाच – कॉलेज. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत सर म्हणाले, तुझ्या हाताला स्थिरता नाही. मी असा बाहेर पडलो की दाराची काच खाली आली. बाबा ते अजून उगाळतात. आजही मी खोलीत गेलो तर मागून आवाज आला, “दार आहे ते, वैरी नाही तुझा.”

१३ ऑक्टोबर

ती राखाडी शर्ट घालते. मीही घेतला. सकाळी तो घालून साहेबांसमोर उभा राहिलो. ढिम्म हलला नाही. काच वाजवली, तर आणखी काळा. माज बघा! आई म्हणाली, राखाडीत तू आजारी दिसतोस.

१६ ऑक्टोबर

बोललो! दहा दिवसांत पहिलं अख्खं वाक्य. म्हटलं, तुम्हाला बघून खुलतो तो.

ती म्हणाली, मला नाही वाटत तसं. मग माझ्याकडे बघितलं – नीट, बराच वेळ. आणि वहीत काहीतरी लिहिलं.

माझ्याकडे बघून. वहीत. लिहिलं.

१९ ऑक्टोबर

एक दातांचे डॉक्टर शनिवारी अकराला साहेबांना बघायला येणार आहेत. दवाखान्यात ठेवायचाय, पण सोनेरी असेल तरच. काळा मासा बघून पेशंट पळतील म्हणे. मालकांची झोप उडालीय, एका माशावर सगळं वर्ष टांगलंय. आणि मला काय म्हणतात? “शनिवारी तू सुट्टी घे.”

मला तापातही कामावर बोलावणारा माणूस! म्हातारपणी मवाळ होतोय बहुतेक.

तिचा शुक्रवार शेवटचा. त्या दिवशी विचारणार. इकडे नाहीतर तिकडे.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

ती हात धुवायला गेली. वही स्टुलावर उघडी. नको वाचू, नको वाचू – वाचली.

मी आहे तिच्या वहीत. पानोपानी आहे! माझं नाव मात्र ‘अडथळा’.

‘अडथळा बाहेर गेला. सात मिनिटांत सोनेरी.’ ‘अडथळा परतला, दार आपटलं. लगेच काळा.’ ‘अडथळा माझ्यासमोर पुतळ्यासारखा उभा राहतो. आवाज शून्य. रंग पूर्ण खुललेला.’

ती मागे उभी होती. लाजली वगैरे नाही.

“मालकांनाही सांगितलंय. राग मानू नका, पण तुमच्यामुळे फार सोपं झालं. दार वाजलं की वेळ टिपायची.”

म्हणून ही शनिवारची सुट्टी! दोघांनी मिळून! विचारायचं ते राहूनच गेलं. दार असं आपटलं की वरची पाटी तिरकी झाली. बाहेरून काचेतून बघितलं – साहेब कोळसा. आणि ती घड्याळ बघून लिहितेय.

ठीक आहे. उद्या अकराला जाणार. डॉक्टरांसमोर एकदा, फक्त एकदा आपटायचं. बसा मग दोघं काळा मासा घेऊन.

२४ ऑक्टोबर

गेलो. डॉक्टर टाकीला नाक लावून उभे. साहेब पिवळेधमक. मला बघताच मालकांनी हात जोडले, खरोखरचे. शेवटचा दिवस कालच झाला, तरी ती कोपऱ्यात, पेन्सिल तयार.

मग साहेबांनी मला बघितलं. कल्ले भराभर हलायला लागले, अंग लाकडाला चिकटलं, शेपटीकडून काळं चढायला लागलं. तीन महिने मी त्याला माज म्हणत होतो. नुसता घाबरत होता तो मला.

जिथे होतो तिथेच उभा राहिलो. काळं अर्ध्यावर थांबलं. हळूहळू उतरलं.

ती माझ्या हाताकडे बघत होती. हात दाराच्या मुठीवर होता.

बाहेर पडलो. मूठ सोडली नाही. दार चौकटीत बसेपर्यंत धरून लावलं.