झाकलेला चेहरा

दादा,

माहितीपटात साक्षीदारांचे चेहरे धूसर करणं हे माझं काम. गेल्या महिन्यात युद्धाच्या चित्रणात, एका कैद्याच्या मानेवर पाय देऊन उभा असलेला तू दिसलास. कैद्यासोबत मी तुझाही चेहरा झाकला.

"याला कशाला झाकलंस?" दिग्दर्शकाने विचारलं.

"घरी म्हातारी आई असेल," मी म्हटलं. त्याने ते चालवून घेतलं.

काल आईने टीव्हीवर तेच पाहिलं.

"ती बाही बघ. वीण माझी आहे."

"आई, असे स्वेटर छप्पन्न असतात."

तुझ्यासाठी निम्मा विणलेला स्वेटर तिने उसवायला घेतला. लोकर मीच गुंडाळली.

हे पत्र मी पाठवणार नाही. यंदा स्वेटर का आला नाही, ते तुझं तू ओळख.

तुझी धाकटी