पाकीट जिचं तिच्या हातात

अप्पा, रोह्याहून एका बाईंचा फोन आला आणि त्यांनी तुमचा दाखला देऊन मला झापलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. शाळेत इतकी वर्षं मी दुसऱ्यांना झापत आले. ऐकून घ्यायची सवय राहिलेली नाही.

तुम्ही गेल्यावर तुमच्या रोह्याच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह मी पेणला घेऊन आले होते. निवृत्तीनंतर एकेक स्कॅन करायला घेतली. पडद्यावर चेहरा वरून खाली सावकाश उलगडत येई, आणि मी थेट तुमच्या अंधाऱ्या खोलीत जाई. तांबडा दिवा लागलेला आहे. ट्रेमधल्या पाण्याखाली कोरा कागद हलतो आहे. आधी केस येतात, मग डोळे. तुम्ही हळूच म्हणता, "बोलू नकोस, येते आहे ती." कोण येते आहे, कुठून येते आहे, मला कळत नाही, पण मी श्वास रोखून उभी आहे.

एवढ्या ढिगात तुम्ही स्वतः कुठेच नव्हता. एकाच फोटोत सापडलात. एक तरुण बाई, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, केस मोकळे, खळखळून हसणारी. आणि तिच्यामागे, गिऱ्हाइकांनी केस विंचरायच्या आरशात, कॅमेऱ्यावर वाकलेले तुम्ही. तुम्हीही हसताय. मी तो फोटो इंटरनेटवरच्या गॅलरीत सगळ्यात वर लावला आणि गॅलरीची लिंक भावंडांना, रोह्याच्या शाळासोबत्यांना ईमेलने पाठवून दिली. पासवर्ड घातला नाही. म्हटलं, आपलीच तर माणसं. आपल्या माणसांनी ती त्यांच्या माणसांना पाठवली, आणि मस्कतमध्ये एका मुलीने आपली आजी ओळखली.

"तू फोटूवाल्याची पोर ना गो?" त्या आजीचा रोह्याहून फोन.

"हो, आपण कोण?"

"तुज्या बापाने माजा फोटू दुकानाच्या काचेत नाय लावला कधी. तू दुनियेच्या काचेत लावलास! आन म्हने मास्तरीण!"

मला सगळं आठवलं. नवरे आखातात गेलेल्या बायका, त्यांना पाठवायचा फोटो काढून घ्यायला, दुपारी बाजार पेंगुळलेला असताना यायच्या. तुम्ही अर्धं दार लोटून घ्यायचात, सोबतीला आई आत येऊन बसायची. फोटो तयार झाला की पाकिटाला डिंक लावून बंद, आणि जिचं पाकीट तिच्याच हातात. एकदा एक जण आला. "मी तिचा दीर हाय, द्या की माज्याकडं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दीर आहेस ना? मग तिला घेऊन ये." मी तिथेच दप्तर घेऊन बसले होते.

फोटो तेव्हाच गॅलरीतून काढला आणि दुसऱ्या दिवशी रोह्याची गाडी पकडली. कासू गेलं, नागोठणे गेलं. कापलेल्या खाचरांवर धुकं बसलं होतं, आणि निगेटिव्हमधल्यासारखी झाडं काळी की पांढरी ते ठरत नव्हतं. निगेटिव्ह मांडीवर होती. ती द्यावी लागणार हे ठाऊक होतं, आणि द्यायची नव्हती.

बाई पडवीत बसल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं. "ते ऱ्हाऊ दे. आदी दाव," त्या म्हणाल्या.

लॅपटॉपकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "एकच छापलेला. कुवेतला गेला, आमच्या ह्यांच्याकडं. त्यांच्यासंगं तिकडंच ऱ्हायला." मग अचानक हसल्या, अगदी फोटोतल्यासारख्या. "मी कशाला हसले, ठाव हाय? तुजा बाप म्हनतो, नीट बसा, हसू नका. आन तुजी आय बाजूनं म्हनते, 'आदी सोताच्या नाकाला लागलेलं काळं पुसा!' तो पन हसला, मी पन."

नातीला फोटो हवा होता. "दावीन, पन मी दावीन. तू नाय." मी नवी गॅलरी केली, आत तो एकच फोटो. पासवर्ड त्यांनीच ठेवला. एकेक अक्षर शोधत, दुसऱ्या हाताने कळा झाकत मला म्हणाल्या, "नदीकडं बघ!" मी मुकाट कुंडलिकेकडे बघत बसले.

संगणकातला फोटो त्यांच्यासमोर पुसताना माझं बोट थांबलं. त्यांनी ते पाहिलं.

"फोटू माजा, बाप तुजा," त्या म्हणाल्या. "बघावासा वाटला की ये. च्या पन मिळंल."

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते: तुम्ही हसायचात हे मला माहीत नव्हतं, अप्पा. आईला माहीत होतं, ह्या बाईंनाही. मला त्या दोघींचा हेवा वाटला.

दिलं ते असं: निगेटिव्ह, डिंक लावलेल्या पाकिटात, त्यांच्याच हातात. लिंक, नातीच्या ईमेलवर; पासवर्ड बाईंकडेच. माझ्याकडे प्रत नाही.